सरासरी पन्नास

सातारा ते बोईसर, हायवेला सरासरी पन्नास धरायची आणि सात तासांत घर गाठायचं, हा खंडेरावाचा हिशेब कधी चुकायचा नाही.

गेल्या दिवाळीत मनोरजवळ पडलेल्या मोटारसायकलवाल्यानं अंगठा ओठांशी नेऊन पाणी मागितलं. 'थांबेल कुणीतरी,' म्हणत खंडेरावानं गाडी तशीच दामटली.

तेव्हापासून खालापूरनंतर वाटेत कुठंही न थांबता बोईसरला पोचायला अकरा मिनिटं जास्त लागायची. खालापूरला काठोकाठ भरलेली बाटली, घोटही न घेता, घरी रिकामी निघायची.

आज मात्र पाचच मिनिटं जास्त गेली. बाटलीतही निम्मं पाणी होतं. खंडेरावाला हायसं वाटलं.

मागच्या सीटवरून लेक स्वरा म्हणाली, "पप्पा, आज मनोरला अर्ध्यातच का उठलात? त्या काकांचं पिऊन व्हायचं होतं."