दुखरा गुडघा

इबादानच्या हॉटेलात कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. नुकताच पदवीधर झालेला कोलापो नोकरीच्या आशेनं बँकेच्या मोठ्या साहेबांभोवती घुटमळत होता. तेवढ्यात म्हातारे ओगुंटादे सर समोर आले. एरवी त्यानं तिथल्या रीतीप्रमाणे सरांना लोटांगणच घातलं असतं. पण साहेबांना आपण गावंढळ वाटू म्हणून नुसता हात पुढे केला. सरांनी क्षणभर त्या हाताकडे पाहिलं आणि तो हातात घेतला. इतक्यात साहेब वळले आणि भारी सुटासकट सरांच्या पायाशी आडवे झाले. "ऊठ बाबा, पोट बघ केवढं सुटलंय," सर हसले. उठताना साहेबांनी ताठ उभ्या कोलापोकडे रोखून पाहिलं. "हा कोण शहाणा?" "माझा लाडका विद्यार्थी," सर म्हणाले. "गुडघा दुखतोय त्याचा. मीच म्हटलं, वाकू नकोस." साहेबांनी हळहळून त्याला कार्ड दिलं. कोलापो मान खाली घालून दारापर्यंत लंगडत गेला.