चिमूटभर साखर

सुलेखानं लेकीचे केस सकाळी दोनदा धुतले होते, कारण मेंदूच्या तपासणीला डोक्याला तेलाचा थेंबही चालत नाही. आता त्या केसांत तारा चिकटवल्या होत्या आणि सात वर्षांच्या शाल्मलीचे हात, रोजच्यासारखेच, धुणं पिळावं तसे एकमेकांना पिळत होते. रेट सिंड्रोम नावाच्या मेंदूच्या आजारानं पाच वर्षांपूर्वी तिचं बोलणं नेलं, चमचा धरणं नेलं, आणि बदल्यात हे पिळणं दिलं.

क्वचित ते थांबायचं. मिनिटभर मुलगी शांत, नजर एका जागी. त्या दिवशी सुलेखा देवापुढे चिमूटभर साखर ठेवायची.

आत्ताही हात थांबले. "बघा ना डॉक्टर, कशी शहाण्यासारखी बसलीय," ती हळूच म्हणाली.

डॉक्टरीणबाई यंत्राच्या पडद्याकडे बघत होत्या. तिथल्या रेघा एकाएकी उसळून एकमेकींवर चढल्या होत्या. "हात पिळणं म्हणजे फिट नव्हे, ताई," त्या म्हणाल्या. "ती अशी गप्प होते ना, तेव्हा तिला फिट येते. आत्ता आलीय."

किती वेळा साखर ठेवली, ते सुलेखाला आठवायचं नव्हतं. लेकीच्या निपचित बोटांवर नजर लावून ती बसून राहिली. मग एक बोट हललं, दुसरं त्यात अडकलं, आणि पिळणं पुन्हा सुरू झालं. तेव्हा कुठे तिनं श्वास सोडला.

घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले आणि देवापुढे साखर ठेवली. मागे खुर्चीत शाल्मलीचे हात चालूच होते.