जोडगाडी

गॅरेजवाल्यानं गाडी वर उचलली, खालून बॅटरी मारली आणि प्रसन्नला जवळ बोलावलं. "साहेब, क्लच-गिअरबॉक्स विसरा आता. अपघातातल्या दोन गाड्या अर्ध्या-अर्ध्या कापून वेल्डिंगनं जोडल्यात."

प्रसन्नला आधी बायको आठवली. सातवा महिना लागलेली गौतमी याच गाडीतून रोज तासगावला शाळेवर जात होती. घेतल्यापासून दुरुस्तीत निम्मा पगार जात होता, पण ही जुनी गाडी सासऱ्यांनीच पारखून आणलेली, म्हणून तो गप्प बसला होता. आज मात्र त्यानं फोन लावला. "आबा, आत्ताच्या आत्ता गॅरेजवर या. तुमची पारख बघायला!"

आबा आले. वाकून त्यांनी तो जोड पाहिला, त्यावरून बोट फिरवलं आणि शेजारच्या जुन्या टायरवर मटकन बसले.

"कुणाकडून घेतलीत ही?" प्रसन्न ओरडला. "पोलिसांतच देतो त्याला!"

"दिनूकडून," आबा कसेबसे म्हणाले.

दिनूकाका म्हणजे आबांचे शाळेपासूनचे मित्र. गौतमीला सख्खा मामा नाही, म्हणून लग्नात मामा होऊन तेच तिच्या पाठीशी उभे राहिले होते.

"गाडी कुणासाठी, हे त्यांना ठाऊक होतं?"

आबांनी होकारार्थी मान हलवली. "म्हणाला, आपल्या पोरीला वाईट गाडी देईन होय रे?"

त्यांनी खिशातून फोन काढून जावयाच्या हातात दिला. "तुम्हीच बोला. मला त्याचा आवाज ऐकवणार नाही."