दुसऱ्या सायकलीवरचा आवाज

“खड्डा! डावीकडे!” रोरी ओरडला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला.

पुढच्या सायकलीवरच्या क्लेमने डावा हात खाली सोडून रस्त्याकडे बोट दाखवले. मागच्यांनी एकामागून एक तसेच केले आणि सारी रांग खड्ड्याला वळसा घालून गेली. बोट दिसले की ती जागा चुकवायची, शंका विचारायची नाही, हा या मंडळींचा एकमेव धर्म होता. दुसऱ्या धर्माच्या, म्हणजे चर्चच्या वेळेला, दर रविवारी सकाळी, ती सायकलीवरच असत.

जानेवारीची वादळे सरली होती. इंग्लंडमधल्या सॉमरसेटची सखल कुरणे मात्र अजून पाण्याखाली होती. कुठेकुठे नुसती फाटके पाण्यात उभी होती, बंद करायला मागे काही न उरलेली. कुंपणाच्या काट्यांत पुराने आणलेले गवत छातीइतक्या उंचीवर वाळत होते. आभाळ शेतात उतरून पडले होते आणि त्यातून एक ओला, काळा रस्ता निघाला होता. ऊन पडले होते. दाव्याला कंटाळलेली वासरे सुटावीत तशी मंडळी घराबाहेर पडली होती.

एकट्या रोरीला परत जावेसे वाटत होते. शरद ऋतूत तो या सायकल मंडळात आला, तेव्हापासून ‘नमस्कार’ आणि ‘येतो’ यांपलीकडे तो फारसे बोलला नव्हता. आज निघताना चिटणीस ग्लेनिसने त्याला नेमके क्लेमच्या मागे उभे केले होते.

“दिसेल ते मोठ्याने ओरडायचं. खड्डा, फांदी, चिखल, काय असेल ते. जरा तोंड उघडू दे तुझं. किती दिवस असा मुक्यासारखा येणार आहेस?”

चाळीस वर्षे या रांगेच्या पुढे असलेल्या माणसाला मागून खड्डे दाखवायचे! रोरीला ते वर्गात उभे राहून पाढे म्हणण्यासारखे वाटले. क्लेमचा हात प्रत्येक वेळी रोरीच्या ओरडण्यानंतर, अर्ध्या श्वासाने खाली यायचा. आधी कधीच नाही. म्हातारा आपले मन राखतो आहे, हे त्याने ओळखले, आणि ते त्याला अधिकच लागले.

“आज रेडिओ लागलाय रे!” मागून विल्फ ओरडला. “आवाज जरा वाढवा!”

चहाचा थांबा गावच्या सभागृहात होता. दारातूनच क्लेमने हाक दिली, “माझं ब्रेड पुडिंग!”

“फळा बघा की जरा,” काउंटरमागची बाई म्हणाली. “ओव्हन पुरात गेला. सँडविच आहेत, गार. हवं तर घ्या.”

“सवय गं, सवय,” क्लेम हसला. फळ्याकडे त्याने पाहिले नाही.

चहाच्या वाफेआड रोरीने ठरवून टाकले. आता तोंड उघडायचे नाही. आणि पुढच्या रविवारी यायचेही नाही.

परतीच्या वाटेवर तो गप्प राहिला. क्लेमची शीळ थोड्या वेळाने थांबली. वेगही उतरला.

“दमलास का रे?”

“नाही.”

विलोच्या झाडांपाशी वळणावर क्लेमचे बोट डावीकडे खाली गेले. रोरीने पाहिले. तिथे नवे डांबर होते, परवाच घातलेले, काळ्या मखमलीसारखे सपाट. खड्डा नव्हता. त्याने मागे वळून पाहिले. एकामागून एक बोटे खाली जात होती, सायकली त्या नसलेल्या खड्ड्याला वळसा घालत होत्या. विल्फनेसुद्धा निमूटपणे घातला. कोणी हसले नाही.

रोरीने पुढे पाहिले.

पुराने पुढचा रस्ता डाव्या अंगाने खाल्ला होता. तिथे करडे पाणी संथ उभे होते. क्लेम ताठ मानेने थेट त्याच्याकडे चालला होता.

“क्लेम! उजवीकडे! एकदम उजवीकडे घ्या! डावीकडे रस्ताच नाही!”

क्लेमने ब्रेकला हात लावला नाही, वळूनही पाहिले नाही. त्याने सायकल उजवीकडे घातली. रांग त्याच्यामागे सुखरूप पार झाली. रस्ता पुन्हा पुरता रुंद झाला, तेव्हा त्याने रोरीला शेजारी येऊ दिले.

“नजरेतलं मधलं सगळं पुसट झालंय, पोरा,” तो हलक्या आवाजात म्हणाला. “कडेकडेचं दिसतं. कुंपणं दिसतात, तेवढ्यावर चालवतो. जुने खड्डे पाठ आहेत. पण पुरानं नवे केले, ते कोण सांगणार मला?”

“मला वाटलं, माझा भिडस्तपणा जावा म्हणून ग्लेनिसनं...”

“तो तिचा हिशेब. माझं सांगतो. चहानंतर तू गप्प झालास, आणि मला वाटलं, आज लवकर अंधारलं.”

रोरी पुन्हा मागे झाला. मग ढग सरकला, आणि उजवीकडच्या बुडालेल्या शेतात काहीतरी पांढरे उजळले. तो धोका नव्हता. ते ओरडून सांगायला त्याला कोणी सांगितले नव्हते.

“हंस!” तो ओरडला. “उजवीकडे! क्लेम, शेत भरून हंस!”

क्लेमचा चेहरा तिकडे वळला. उजवा हात मात्र चाळीस वर्षांच्या सवयीने आपोआप खाली गेला, बोट रोखले गेले. आणि मागची अख्खी रांग, कसलीही शंका न विचारता, हंसांना चुकवत डावीकडे सरकली.