उलट उत्तर

"बेरिलियमची सगळ्यात कमी, बेरियमची सगळ्यात जास्त," कृष्णराजनं छाती पुढं काढून सांगितलं.

रणधीररावांनी समाधानानं मिशीवरून हात फिरवला. कळंबजवळच्या त्यांच्या कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्राची एक जागा निघाली होती. संस्थेचे सचिव म्हणून ती योग्य माणसालाच मिळावी, अशी त्यांची फार तळमळ होती. योग्य माणूस नेमका सख्ख्या बहिणीचा मुलगा निघाला, याला ते तरी काय करणार? भाचा कृष्णराज एम.एस्सी. होता. कसा झाला, हे घरात कुणी विचारत नसे. आज मुलाखतीला शेजारच्या खुर्चीत शिक्षण खात्याच्या उमादेवी मॅडम बसल्या होत्या, त्यामुळं सगळं रीतसर दिसणं भाग होतं.

बेरिलियमपासून बेरियमपर्यंतच्या अल्कधर्मी मृदा धातूंच्या आयनांची हायड्रेशन एनर्जी, म्हणजे पाण्यानं वेढल्यावर सुटणारी ऊर्जा, कशी बदलत जाते, एवढंच विचारायचं ठरलं होतं. धाराशिवहून येणाऱ्या तज्ज्ञ वैजनाथ सरांनी ते फोनवर आधीच कळवलं होतं. भाच्याकडून उत्तर घोटून घ्यायचं काम रणधीररावांनी मोनिकावर टाकलं. ती इथंच कित्येक वर्षं तासिका तत्त्वावर शिकवत होती आणि याच जागेसाठी आज व्हरांड्यात बसली होती. रणधीररावांना यात काही वावगं वाटलं नाही. तिला नाही म्हणायची सोय नव्हती. पुढच्या वर्षीचे तास त्यांच्याच हातात होते.

"उलट आहे," वैजनाथ सर बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली. जागा कुणाला द्यायची याबद्दल त्यांचं कधीच काही म्हणणं नसे. पण चुकीचं उत्तर कानावर पडलं की जुन्या सवयीनं तोंड उघडायचंच.

रणधीरराव लालबुंद झाले. "मोनिका मॅडम, आत या!" त्यांनी तिला दारातच फैलावर घेतलं. "काय शिकवलं ह्याला? आठवडाभर हा एकच प्रश्न घोटून घ्यायला सांगितला होता तुम्हाला. एकच!"

वैजनाथ सर छताच्या पंख्याकडं बघायला लागले. उमादेवी मॅडमनी पेनाला टोपण लावलं.

"म्हणजे प्रश्न आधीच फुटला होता," त्या म्हणाल्या. "मुलाखती रद्द. परत घेऊ, तेव्हा तज्ज्ञ दुसरे असतील."

आपण काय बोलून बसलो, ते रणधीररावांच्या आत्ता ध्यानात आलं. राग काढायला आता मोनिकाच उरली होती. "मुद्दाम उलटं शिकवलंत तुम्ही!"

"नाही सर." मोनिका एक पाऊल आत आली. "आयन जितका लहान, तितका तो पाण्याचे रेणू आपल्याभोवती घट्ट ओढून धरतो. बेरिलियमचा सगळ्यात लहान, म्हणून त्याची सगळ्यात जास्त. मी हेच शिकवलं. विचारा त्यांना."

सगळे कृष्णराजकडं बघायला लागले.

"व्हय मामा, मॅडमनी असंच सांगितलं होतं," तो म्हणाला. "पण मला पटलंच न्हाय. लहानाला कोण विचारतंय? आपल्या घरी तर म्या आजवर मोठ्याभोवतीच गर्दी बघितली."