पहिल्या आरतीचा मान

लिटिल इंडियातल्या हॉलमध्ये गणपतीच्या पहिल्या आरतीचं तबक नुकत्याच सिंगापूरला आलेल्या रुचिरने उचललं आणि अभयचं डोकंच फिरलं. “मंडळ आम्ही काढलंय! तुझ्याआधी वीस वर्षं इथे आहोत, पहिला मान आमचाच!” असं ओरडत त्याने तबक हिसकावलं आणि तेच रुचिरच्या कपाळावर हाणलं. निरांजन उडालं, मोदकांवर रक्त सांडलं, तरी चौघांनी ओढून काढेपर्यंत त्याच्या बुक्क्या काही थांबल्या नाहीत.

नोव्हेना भागातल्या इस्पितळात आत रुचिरला टाके घालत होते. बाहेर अभयची बायको नीता त्याच्या सुजलेल्या मुठीवर बर्फ धरून बसली होती. समोर टीव्हीवर ऑस्ट्रेलियातला वाद पेटला होता: तिथल्या मूळ रहिवाशांना राज्यघटनेत मानाचं स्थान द्यायचं का?

 

अभय खेकसला, “आधीपासून राहतात म्हणून काय झालं गं? आता सगळे सारखेच ना!”