सुरा हातात देऊ नये

कारगिलची लढाई पेटली आणि प्रसेनजीतची रजा अर्ध्यातच रद्द झाली. निघायच्या दिवशी सकाळी तो आईला घेऊन लक्ष्मीपुरीतल्या सुऱ्या-कोयत्यांच्या दुकानात गेला. लेकानं लढाईवर न्यायचा सुरा आपल्याच पैशानं घ्यायचा, हा शालनचा हट्ट.

दुकानदारानं एक सुरा तिच्यापुढं धरला. तिनं हात मागं घेतला. "हातात नगं पावणं, खाली ठेवा. धारेची वस्तू हातात दिली की भांडान लागतंय." घरात साधा विळासुद्धा ती आधी भुईवर ठेवायची, मग दुसऱ्यानं उचलायचा.

प्रसेनजीतनं दुमडणारे चाकू बाजूला सारले. ते जोर लावला की सांध्यातच मोडतात. चकचकीत म्यानाचा सुरा आईला परवडणारा नव्हता. शेवटी त्यानं जाड पाठीचा एक साधा सुरा निवडला, त्याचं पातं मुठीच्या टोकापर्यंत अखंड गेलेलं होतं. शालननं मूठ हलवून बघितली. ती हलली नाही.

"ह्यो टिकंल," ती म्हणाली.

पैसे देऊन तिनं सुरा उचलला. प्रसेनजीतनं सवयीनं फळीकडं बोट दाखवलं. "ठेव हितं, मी घेतो."

शालननं सुरा फळीवर ठेवला नाही. तिनं त्याचा हात ओढला, सुऱ्याची मूठ तळव्यात दिली आणि त्याची बोटं मुठीवर मिटवली.

"आई, भांडान लागंल की आपलं."

"लागंना का," शालन म्हणाली. "भांडायला तरी घरला यावंच लागंल तुला."